मदत हवी आहे: नाटकवाल्यांना १५९७ ला तुरुंग, पण १६०१ ला शिक्षाच नाही, असं का?

नमस्कार मंडळी. एलिझाबेथ राणीच्या काळातल्या लंडनच्या नाटकवाल्यांवर एकांकिका लिहितेय आणि एका जागी घोडं अडलंय.

१५९३ चं कळतं. नाटककार थॉमस किडकडे धर्मविरोधी कागद सापडले. त्याचे हाल केले, तेव्हा 'कागद मार्लोचे' (हाही नाटककार) असं तो म्हणाला. मार्लोला प्रिव्ही कौन्सिलपुढे (राणीच्या सल्लागार मंडळापुढे) बोलावलं आणि ३० मे रोजी लंडनजवळ डेप्टफर्डला डोळ्यावर खंजीर लागून तो मेला. (म्हणे बिलाच्या पैशांवरून भांडण!) पुढच्याच वर्षी किडही गेला. १५९७ मध्ये 'द आइल ऑफ डॉग्ज' या राजद्रोही ठरलेल्या नाटकापायी त्याचा एक लेखक बेन जॉन्सन आणि दोन नट तुरुंगात, सहलेखक नॅश यार्मथ गावी पसार. त्या नाटकाची प्रतसुद्धा उरली नाही.

मग १६०१ मध्ये काय झालं? अर्ल ऑफ एसेक्स या सरदाराच्या राणीविरुद्धच्या बंडाच्या आदल्या दिवशी, ७ फेब्रुवारीला, त्याच्या माणसांनी ४० शिलिंग जादा मोजून शेक्सपिअरच्या नाटक मंडळीकडून त्याचं 'रिचर्ड दुसरा' करवून घेतलं. राजाला गादीवरून उतरवणारं नाटक! एसेक्सचं मुंडकं उडालं. मंडळीची चौकशी झाली, पण शिक्षा नाही; उलट त्याच्या शिरच्छेदाच्या आदल्या रात्री त्यांनी राणीपुढे प्रयोग केला.

हे कशामुळे? जुनं नाटक म्हणून, की मंडळीला लॉर्ड चेंबरलेनचा (राणीच्या दरबारातल्या बड्या अधिकाऱ्याचा) आश्रय म्हणून? शिवाय पदत्यागाचा प्रवेश छापील प्रतीत १६०८ लाच आला, तर त्या दिवशी रंगमंचावर तो झाला असेल का?

कुणी अभ्यास केला असेल तर सविस्तर सांगा. वाद असेल तर दोन्ही बाजू चालतील, मला उलट तेच हवंय.