मदत हवी आहे : १९४१ मधील जपानी युद्धनिर्णयाची मूळ साधने
६ सप्टेंबर १९४१ च्या शाही परिषदेत (सम्राटांसमोर भरणाऱ्या सर्वोच्च बैठकीत), ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेशी चाललेल्या वाटाघाटी फळण्याची चिन्हे न दिसल्यास युद्धाचा निर्णय घ्यायचे ठरले आणि तिथेच सम्राट हिरोहितोंनी आपले आजोबा मेइजी यांची शांततेची आस सांगणारी कविता वाचली. या विसंगतीचा मी अभ्यास करत आहे. लष्करप्रमुख सुगियामा यांची टिपणे व राजमुद्रारक्षक (सम्राटांचे निकटचे सल्लागार) किदो यांची दैनंदिनी छापून उपलब्ध आहे, परंतु मला जपानी येत नाही आणि सुगियामांच्या टिपणांचे मला ठाऊक असलेले इंग्रजी भाषांतर १९४१ पुरतेच, तेही निवडक आहे. (निवडीत काय गळले, हेच मला महत्त्वाचे वाटते.) टोकियो खटल्यात (युद्धानंतर जपानी नेत्यांवर चाललेल्या युद्धगुन्ह्यांच्या खटल्यात) पुरावा म्हणून आलेले किदोंच्या दैनंदिनीतील उतारे पुण्या-मुंबईतील कोणत्या ग्रंथालयात पाहता येतील, आणि नौदलाची बाजू मांडणारी समकालीन साधने कोणती, हे जाणकारांनी कृपया सांगावे.