तुंबाडमधला विनायक : सोहम शाहच्या कामाबद्दल कुणी बोलत का नाही?

भिजकापाऊस
परवा तुंबाड पिक्चर तिसऱ्यांदा बघितला. 2018 ला आला तेव्हा माझा चुकला होता, सप्टेंबर 2024 ला परत लावला तेव्हा मोठ्या पडद्यावर बघितला आणि तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये. सगळे तो पाऊस, वाडा, पंकज कुमारचा कॅमेरा, हस्तर (तो सोन्याचा हावरा शापित देव) यावरच बोलतात, बरोबरच आहे ते, पण मला या वेळी सारखं विनायककडेच, म्हणजे सोहम शाहकडेच बघावंसं वाटत होतं. भुताच्या पिक्चरमध्ये हीरो घाबरतो म्हणून आपण घाबरतो ना, इथे हा माणूस हस्तर राहतो त्या गर्भागारात उतरतो तो कामावर निघाल्यासारखा. दोर बांधला, पिठाचं रिंगण केलं, हस्तरला भुलवायला कणकेची बाहुली काढली, हस्तरच्या लंगोटातनं हाताला लागतील तेवढ्या मोहरा ओढल्या आणि वर. माझ्या अंगावर काटा आला तो त्याच्या या सवयीमुळे. तर प्रश्न असा, हे खरंच मोठं काम आहे की दिग्दर्शक राही बर्वेने सगळं इतकं ताकदीनं उभं केलंय की तिथे कुणीही चाललं असतं?

आडवाटेचा
कुणीही नसतं चाललं. 1933 चा विनायक आणि 1947 चा विनायक, दोघांचं चालणं बघ. आधीचा भुकेला आहे, मान पुढे काढून चालतो, नंतरचा पैसेवाला झालाय, अंग सुटलंय, आणि आता दोरावरनं वर येताना दम लागतो ते लपवता येत नाही त्याला. म्हणून तर पोराला शिकवायला घेतो. शिवाय शूटिंग 2012 ला सुरू झालेलं, मग 2015 मध्ये परत बरंच शूट केलं, एवढी वर्षं तोच माणूस अंगात धरून ठेवायचा आणि निर्माताही स्वतःच, हे सोपं नाहीये.

वाड्यातली
मी थोडं वेगळं बोलते, राग नका मानू. माझं आजोळ कोकणातल्या खेड तालुक्यातलं आहे, खरं तुंबाड गाव तिथलंच, त्यामुळे तुंबाड नाव ऐकलं की कान टवकारतात. सोहम शाह राजस्थानातला, श्रीगंगानगरचा, आणि त्याच्या हिंदीत आपल्याकडचा हेल कुठे येतच नाही. अनिता दाते बायकोच्या भूमिकेत आहे, ती दोन वाक्यं बोलली तरी घर मराठी वाटतं, आणि त्याच घरात हा बोलायला लागला की मी बाहेर फेकली जाते. गप्प असतो तेव्हा मात्र अस्सल वाटतो. धोतर, ओलं अंग, ती नजर, सगळं पटतं.

भिजकापाऊस
@वाड्यातली भाषेचं मान्य, मलाही खटकलं. पण गप्प असताना पटतो म्हणजे निम्म्याहून जास्त पिक्चर पटतो की, कारण त्याचे महत्त्वाचे सीन बिनसंवादाचेच आहेत.

निरांजन_७
एक राहिलं. 1918 च्या भागातला लहान विनायक विसरू नका, धुंडीराज जोगळेकर. तो वाड्यातनं निघताना खजिन्यासाठी आईशी हट्ट करतो तिथेच सगळं पेरलंय. सोहम शाहने त्या पोराचे डोळे उचललेत असं मला वाटतं, वाड्यातल्या त्या शापित म्हातारीकडे, म्हणजे आजीकडे, परत जातो तेव्हा तेच डोळे आहेत, समोर आजीच्या अंगातनं झाड उगवलंय आणि हा विचारतो खजिन्याचं. आणि त्या आजीच्या मेकअपखाली मोहम्मद समद आहे, जो पुढे त्याचाच मुलगा पांडुरंग होतो. म्हणजे सोहमसमोर दोन्हीकडे तोच पोरगा, एकदा म्हातारी म्हणून आणि एकदा मुलगा म्हणून, हे कळल्यावर मी दोन्ही सीन परत लावून बघितले.

आडवाटेचा
(शेवट सांगतोय, बघितला नसेल तर पुढे वाचू नका)
माझ्यासाठी सगळ्यात मोठं काम शेवटचंच आहे. अंगाला बाहुल्या बांधून (जितक्या बाहुल्या तितके हस्तर येतात) इतके सगळे हस्तर स्वतःवर ओढून घेतो ते पोराला वाचवायला, आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी देतो, आणि तरी वर आल्यावर तोंड विद्रूप झालेलं असताना हातात लंगोट पुढे करतो, घे म्हणून. मेकअपमुळे चेहरा हलत नाही, बोलता येत नाही, फक्त तो हात आहे. बाप म्हणून प्रेम पण त्यातच आणि हाव पण त्यातच, वेगळं काढताच येत नाही. पोरगा नाही म्हणतो तेव्हा तो हात लगेच खाली येत नाही, तेवढं एकदा परत बघा.

वाड्यातली
हात नव्हता लक्षात आला माझ्या. आज रात्री बघते.