लेक्सस एलएक्स ४७०, २ लाख ३८ हजार मैल : घरी काय करावं, कुठून सुरुवात?

एडिसनकर :
नमस्कार मंडळी. माझ्याकडे २००४ची एलएक्स ४७० आहे. पहिला मालक फ्लोरिडाचा, त्यामुळे खालून बरी आहे. गेले काही हिवाळे मात्र न्यू जर्सीचं मीठ खातेय. इंजिन, गिअर एकदम खणखणीत. तक्रारी अशा : गाडी खड्ड्यात फार कडक आदळते. सिग्नलला थांबताना मागून "टण्" असा आवाज येतो. आणि कूलंट हळूहळू कमी होतं, पण जमिनीवर थेंब नाही. टायमिंग बेल्ट कधी बदलला त्याची पावती नाही.

एका वर्कशॉपने नुसत्या सस्पेन्शनचा जो आकडा सांगितला, त्यात दुसरी जुनी गाडी येईल. ऑइल, ब्रेक पॅड मी घरीच करतो, गॅरेज आहे, हत्यारं बऱ्यापैकी आहेत. पहिला हात कशाला घालू?

मुलुंड_ईस्ट :
ते हायड्रॉलिक सस्पेन्शन काढून फेका. लँड क्रूझर १०० चे साधे शॉक लावा आणि मोकळे व्हा. नाहीतर विकून टाका राव, वीस वर्षं झाली.

दहाचा_पाना :
विकायचं नंतर बघू. आणि नुसते शॉक लावून मोकळं होता येत नाही हो. एएचसीवाल्या (म्हणजे याच तेलाच्या दाबावर उंची बदलणाऱ्या सस्पेन्शनच्या) गाडीत पुढचे टॉर्शन बार (पिळाने स्प्रिंगचं काम करणाऱ्या पोलादी दांड्या) आणि मागच्या स्प्रिंगा मुळातच मऊ असतात, कारण वजनाचा काही भार तेलाचा दाब उचलतो. तो दाब काढलात की गाडी बसलीच. मग बार, स्प्रिंगा, शॉक, सगळंच बदला. करणारे करतात, पण आधी मोजा तरी!

एडिसनकर, सस्पेन्शन तुम्हाला रस्त्यात सोडणार नाही, कूलंट सोडेल. म्हणून पहिला हात तिथे. बॉनेट उघडा, टॉर्च घ्या आणि इंजिनाच्या मागे फायरवॉलजवळ हीटरच्या नळ्या जिथे फुटतात तिथे बघा. तिथे प्लास्टिकच्या दोन टी (टी आकाराचे जोड) आहेत. चांगल्या असतील तर काळ्या, गुळगुळीत. म्हाताऱ्या झाल्या की तपकिरी, कोरड्या, आणि नळी जराशी हलवली तरी त्यांचा भुगा होतो. त्या फुटल्या तर कूलंट भसाभस जातं आणि ॲल्युमिनियमच्या हेडचं काय होईल ते सांगायला नको. सुटा भाग अगदी किरकोळ किमतीचा. काम इंजिन थंड असतानाच करा. जुनी नळी ओढू नका, उभी कापा. हीटर कोअरचा पाइप वाकला तर डॅशबोर्ड उतरवायची वेळ येते. टी बदलताना नळ्याही नव्या घाला. हे शनिवारी सकाळचं काम आहे.

थेंब दिसत नाही म्हणता, तर वॉटर पंपही बघा. गरम इंजिनवर पाणी उडून जातं, मागे गुलाबी खपली राहते. या ४.७ लिटरच्या व्ही८ मध्ये (२यूझेड-एफई) पंप टायमिंग बेल्टवरच फिरतो, म्हणून दोन्ही कामं एकत्रच करायची. कंपनीचं अंतर ९० हजार मैल. पावती नाही म्हणजे बेल्ट बदललेला नाही, असंच धरून चालायचं. बेल्टबरोबर पंप, दोन्ही आयडलर (बेल्टला वाट देणाऱ्या पुली), हायड्रॉलिक टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा), थर्मोस्टॅट. आणि फॅनच्या ब्रॅकेटचं बेअरिंग हाताने फिरवून बघा, खरखर लागली तर तेही.

हे घरी होतं, पण क्रँक पुलीचा बोल्ट घाम काढतो. आवळायचा टॉर्क १८१ फूट-पाउंड आहे, वीस वर्षांनी सोडवायला त्याहून जास्त लागतो. पुली धरायचं हत्यार आणा. स्टार्टर मारून बोल्ट सोडवायचे व्हिडिओ फिरतात, तसलं काही करू नका. टेन्शनर व्हाइसमध्ये उभा धरून सावकाश दाबा, अगदी कंटाळा येईपर्यंत सावकाश, आणि भोकं जुळली की बारीक ॲलन की घाला. घाई केली तर आतलं सील जातं आणि नवा टेन्शनर कचऱ्यात.

"टण्" आवाजाचं बहुधा ग्रीसवर भागेल. मागच्या प्रोपेलर शाफ्टच्या स्लिप योकला (शाफ्टच्या सरकत्या जोडाला) ग्रीसचं निपल आहे. दोन-चार पंप पुरे. भरून ओतू नका, शाफ्टला मागेपुढे सरकायला जागा उरत नाही.

आता सस्पेन्शन. सपाट जागा, इंजिन चालू. गाडी 'एच'वर (सगळ्यात उंच) न्या, एएचसीच्या टाकीतली तेलाची पातळी बघा. मग 'एल'वर (सगळ्यात खाली) आणून परत बघा. मधल्या रेघा मोजा. चौदाच्या आसपास असतील तर ग्लोब (धक्के झेलणारे, वायू भरलेले गोळे) ठणठणीत, सात किंवा कमी असतील तर चारही गेले. त्याआधी 'एन'वर (नेहमीच्या उंचीवर) मोजा : चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत पुढे १९.७५, मागे २०.५ इंच. नंतर लॅपटॉपवर टेकस्ट्रीम (टोयोटाचं तपासणीचं सॉफ्टवेअर) लावून पुढचा तेलाचा दाब वाचा, ६.९ मेगापास्कलच्या जवळ हवा. कितीतरी गाड्यांत ग्लोब बरे असतात, बार सैलावलेले असतात आणि बिल मात्र ग्लोबचं फाटतं.

एडिसनकर :
बघितलं. एका टीला नुसतं बोट लावलं तर कोपरा हातात आला. दोन्ही बदलल्या. पंपाखाली गुलाबी खपली आहेच, म्हणजे बेल्टचं सगळं सामान मागवतो. ग्रीस मारल्यावर "टण्" गायब. उंची बरोबर, रेघा अकरा, पुढचा दाब ७.९. म्हणजे ग्लोब नकोत?

दहाचा_पाना :
अकरा म्हणजे अजून खूप चालतील. टॉर्शन बार आवळा. बोल्टचं डोकं ३० मिलिमीटरचं आहे; मिठाच्या मुलखात आहात, तर आधी दोन-तीन दिवस भेदक तेल मारत राहा. गाडी 'एल'वर आणा, इंजिन बंद, चेसिसखाली स्टँड, पुढची चाकं लोंबकळती. सरळ जॅकवर ठेवून खाली शिरू नका. एका पूर्ण फेऱ्याला दाब साधारण ०.२ ने उतरतो, तर चार-पाच फेरे, दोन्ही बाजूंना सारखे. मग पुन्हा 'एन'वर आणून दाब वाचा. तेलही बदलून टाका, फक्त एएचसीचंच. ब्लीडरची (जुनं तेल आणि हवा काढायची) निपलं गंजलेली असली तर जोर लावू नका, नवी आधी आणून ठेवा.

मुलुंड_ईस्ट :
बरं, माझं मागे घेतो. वर्कशॉपवाल्याने मोजलं होतं का हे?

एडिसनकर :
त्याने गाडी एकदा दाबून बघितली आणि कागद दिला.