पंपाचा कर्व्ह वाचायला मदत हवी आहे: नेमप्लेटवर ३२ मीटर हेड, गेजवर जेमतेम २०

नमस्कार मंडळी,

पाण्याचा सेंट्रिफ्युगल पंप आहे. नेमप्लेटवर ४० घनमीटर/तास, हेड (पंप पाणी किती उंच ढकलू शकतो ते) ३२ मीटर, मोटर ५.५ किलोवॉट. चालू असताना डिलिव्हरी आणि सक्शनच्या गेजमधला फरक २ बारच भरतो, म्हणजे साधारण २० मीटर. मोटर तापते, अँपिअरही नेमप्लेटच्या वर. आणि डिलिव्हरी व्हॉल्व्ह जरा आवळला की अँपिअर चक्क उतरतात! वाट अडवल्यावर लोड वाढायला नको का?

कर्व्ह, म्हणजे पंपाच्या कामगिरीचा आलेख, समोर आहे. आडवा डिस्चार्ज (ताशी किती पाणी), उभं हेड, इंपेलरच्या (पाणी फेकणाऱ्या आतल्या चाकाच्या) व्यासागणिक एकेक उतरती रेघ, त्यांना कापणाऱ्या कार्यक्षमतेच्या टक्क्यांच्या कमानी. खाली किलोवॉट आणि एनपीएसएच (पाण्याची आत वाफ होऊ नये म्हणून सक्शनला लागणारा किमान दाब, मीटरमध्ये). पंप यात नेमका कुठे चालतोय, हे कसं शोधायचं?

प्रतिसाद १

आधी इंपेलरचा खरा व्यास बघा, रेघ तीच धरा. २० मीटरवरून आडवं जा, रेघ भेटली की खाली उतरा. समजा ५८ घनमीटर आलं, तर पंप पार उजवीकडे पळतोय. कुठे चालायचं हे पंप ठरवत नाही, पाइपलाइन ठरवते: चढ अधिक घर्षण, आणि घर्षण डिस्चार्जच्या वर्गाने वाढतं. तुमच्या लाइनचा विरोध अपेक्षेपेक्षा कमी असणार.

आता अँपिअर. ४० घनमीटर, ३२ मीटर, ७० टक्के कार्यक्षमता धरली तर शाफ्टवर सुमारे ५ किलोवॉट लागतात. ५८ वर कार्यक्षमता ५५ पर्यंत घसरली तर जवळपास ६. म्हणून मोटर तापते. व्हॉल्व्ह आवळला की पाणी घटतं, बिंदू डावीकडे सरकतो आणि लोड उतरतो. उजवीकडे पंपाला लागणारा एनपीएसएचही वाढतो, तो पुरला नाही तर आत वाफेचे बुडबुडे होऊन फुटतात, त्यामुळे खडे फिरल्यासारखा आवाज येतोय का, जरूर ऐका.

प्रतिसाद २

बरोबर, पण झिजलेल्या इंपेलरनेही हेड पडतं. डिलिव्हरी व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून रीडिंग घ्या, पण काही सेकंदच; आतलं पाणी लगेच तापतं. शून्य डिस्चार्जचं हेड कर्व्हशी जुळलं तर पंप ठणठणीत.

धागाकर्ता

बंद व्हॉल्व्हवर हेड कर्व्हशी तंतोतंत जुळलं! मनापासून आभार. आता व्हॉल्व्ह आवळून फरक ३.१ बारवर ठेवलाय, अँपिअर मर्यादेत आहेत. कायमसाठी इंपेलर टर्न करून (लेथवर व्यास कमी करून) घ्यावा का?

प्रतिसाद १

पाणी पुरतंय ना? मग घ्या. व्हॉल्व्हमध्ये वीज फुकट जाते. पण हेड व्यासाच्या वर्गाने पडतं, तेव्हा थोडंथोडंच काढा.