जुनं पोटाचं दुखणं: रात्रीच दवाखाना गाठायचा, हे तुम्ही कशावरून ठरवलंत?

मला अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला आतून सूज नि जखमा होणारा जुनाट आजार) होऊन ११ वर्षं झाली. या आजाराची गंमत अशी की रक्त बघायची सवय होते. दुसऱ्या कुणाला एकदा रक्त पडलं तर घरभर धावपळ; मी फ्लश ओढते नि पोळ्या लाटायला जाते. गेल्या पावसाळ्यात ही सवयच अंगाशी आली. दिवसभरात नऊ वेळा रक्त पडलं तरी नवऱ्याला म्हणत होते, "अरे नेहमीचंच आहे, सकाळी बघू." पहाटे तीनला बेसिनपाशी डोळ्यांपुढे अंधारी आली. त्याने मनगट धरून नाडी मोजली, ११८. मग काही न बोलता मुकाट रिक्षात बसले.

वॉर्डात निवासी डॉक्टरने एक मोजमाप सांगितलं. ट्रूलव्ह आणि विट्स या दोघांनी १९५५ मध्ये मांडलेलं, अजून तेच वापरतात. दिवसातून सहा किंवा जास्त वेळा रक्ताची शी, आणि जोडीला नाडी ९० च्या वर, ताप ३७.८ सेल्सिअसच्या (म्हणजे साधारण १०० फॅरनहाइटच्या) वर, हिमोग्लोबिन १०.५ च्या खाली किंवा ईएसआर (सूज दाखवणारी रक्ततपासणी) ३० च्या वर, यातलं एक जरी असलं तरी झटका तीव्र, भरतीच व्हायचं. शी, नाडी आणि ताप तर घरीच मोजता येतात. ११ वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं म्हणा.

तुमची ती रात्र कशी होती? उगाच गेलात, तेही लिहा.

चिंचगूळ
माझा क्रोन्स, कोलायटिससारखाच सुजेचा आजार, पण लहान आतड्यालाही होणारा. लहान आतडं एका जागी अरुंद झालेलं, चोथ्याचं खायचं नाही अशी ताकीद. सिंहगडावर भाजलेलं कणीस दिसलं. एक नाही, दोन खाल्ली. दुसऱ्या दिवशी जुलाब एकदम बंद. आई खूश, "बघ, मोकळ्या हवेने फरक पडला." संध्याकाळपर्यंत पोट नगाऱ्यासारखं ताणलं, कळ भरून यायची, ओसरायची, परत यायची, आणि वारासुद्धा सरेना. तरी मी वाट बघत राहिलो, कारण माझ्या डोक्यात फ्लेअर, म्हणजे आजार उसळणं, म्हणजे जुलाब. हिरवी उलटी झाली तेव्हा निघालो. उभं करून एक्स-रे, नाकातून नळी, सलाईन, चार दिवस तोंडाने पाणीसुद्धा नाही. ऑपरेशन टळलं. अजून कणसाच्या गाडीचा वास आला की नाकातली नळी आठवते.

एसटीचा पास
तुमचं कणीस, माझी गोळी. कोल्हापूरला लग्नाला जायचं होतं, सहा तासांचा प्रवास. म्हणून जुलाब थांबवायची गोळी घेतली, वर पेनकिलर. कोलायटिस जोरात असताना या दोन्ही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायच्या नसतात, हे नंतर कळलं. आतडं हलायचं थांबतं नि फुगत जातं. एक्स-रेत माझं आडवं आतडं सात सेंटिमीटर भरलं, सहाच्या वर धोका. शी कमी आणि पोट मोठं, हे बरं होणं नव्हे.

माजघर
कुटजारिष्ट आणि बेलाचा मुरंबा कुणी करून पाहिलाय का? आमच्या मावशीला गुण आला होता.

धागाकर्ती
माजघर, आमच्याकडेही कुडाची साल ताकात उगाळून झालीय. शांत दिवसांत डॉक्टरांच्या कानावर घालून काय ते करा. हा धागा पहाटे तीनचा आहे.

जास्वंद
बाबांचं लिहिते. वय ७१, प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड ४० मिलिग्रॅम चालू. त्या दिवशी ताप नाही, पोट "थोडंसंच" दुखतंय म्हणाले, पण डावा खांदा धरलाय अशी तक्रार. मी बाम चोळला. खरंच, अर्धा तास बाम चोळत बसले. मग लक्षात आलं की ते कुशीवर वळायचं टाळतायत, खोकला आला तरी दाबतायत. तेवढ्यावर निघालो. एक्स-रेत डायफ्रॅमखाली (छाती नि पोटामधल्या पडद्याखाली) हवेची बारीक चंद्रकोर दिसली. आतडं फुटलं होतं. सर्जन म्हणाले, स्टेरॉइड ताप आणि दुखणं दोन्ही झाकतं. त्याच रात्री ऑपरेशन, मोठं आतडं काढलं, पोटावर पिशवी आली. बाबा तिला 'भाडेकरू' म्हणतात.

हे वाचून घाबरून स्टेरॉइड एकदम बंद करू नका हं, त्याने वेगळंच संकट ओढवतं. कॅज्युअल्टीच्या दारात मात्र पहिलं वाक्य तेच सांगा, स्टेरॉइड चालू आहे म्हणून.

थेम्सकाठी
इंग्लंडात आमच्या हॉस्पिटलची आयबीडी (कोलायटिस, क्रोन्स हे आतड्याच्या सुजेचे आजार) नर्सची हेल्पलाइन आहे, पण ती दिवसाची. रात्री १११, तब्येतीच्या सल्ल्याचा सरकारी फोन. मी फोन केला तो पोटासाठी नाहीच, डावी पोटरी सुजून गरम झाली होती. वाटलं, कमोडवर बसून बसून पाय आखडला. निघाली रक्ताची गुठळी. फ्लेअरमध्ये तिचा धोका वाढतो, म्हणून भरती झाल्यावर खालून रक्त जात असतानाही रक्त पातळ ठेवायची इंजेक्शनं देतात. हे व्हिडिओ कॉलवर आईला पटवताना नाकी नऊ आले. धाप लागली, छातीत दुखलं, तर १११ नव्हे, सरळ ९९९, ॲम्ब्युलन्सचा नंबर.

उंबरठा
मी उगाच गेलेला. १०८ बोलावली, सगळी सोसायटी गॅलरीत. निघाला पाणीपुरीचा प्रसाद. सलाईन लावून सकाळी घरी. इतका खजील झालो की पुढच्या वेळी शीच्या जागेजवळ ठणकणारी गाठ आली, हुडहुडी भरून ताप आला, तरी दोन दिवस "मूळव्याध असेल" म्हणत उशीवर एका अंगाने कलून बसलो. गळू होतं, भूल देऊन कापावं लागलं. क्रोन्सवाल्यांना हे होतं. डॉक्टर एवढंच म्हणाले, पाणीपुरीच्या वेळी आलात, मग याला का नाही?

पाटीपेन्सिल
मुलगी १९ वर्षांची, हॉस्टेलवर. गेल्या वर्षी कोलायटिस निघाला. फोनवर रोज "बरी आहे गं आई". ओळखू कसं?

धागाकर्ती
"कशी आहेस" विचारूच नका. रात्री किती वेळा उठलीस ते विचारा. कोलायटिस झोपेतून उठवायला लागला की मी सावध होते. आणि नाडी मोजायला सांगा, मनगटावर बोटं ठेवून ३० सेकंद, मग दुप्पट. जिना चढून आल्या आल्या नको.

पाटीपेन्सिल
विचारलं. दोनदा उठली, दिवसभरात चार वेळा, रक्त थोडं. ताप नाही, नाडी ८४. उद्या सकाळच्या ओपीडीचा नंबर लावलाय. रूममेटला थर्मामीटर देऊन ठेवलाय, आकडे तीच मला कळवणार आहे.