भाव 'तेवढेच' वाढतील की 'तेवढेच' राहतील?

तळटीप: महागाईच्या घरोघरच्या पाहणीची प्रश्नावली मराठीत करायची आहे. धाटणी रिझर्व्ह बँकेच्या पाहणीची: पुढच्या तीन महिन्यांत आणि वर्षभरात भावांचं काय होईल? पर्याय पाच. आत्तापेक्षा जास्त दराने वाढतील, आत्ताच्याच दराने, त्याहून कमी दराने, आहेत तेवढेच राहतील, उतरतील. अडचण 'दर' शब्दाची. बाजारात दर म्हणजे भावच. त्याऐवजी 'तेवढेच वाढतील' केलं, तर ऐकणारा ते 'तेवढेच राहतील'मध्ये ढकलतो. काय वापरावं?

कोशवाचक: शीर्षकात 'महागाईच्या अपेक्षा' असेल तर आधी ते काढा. अपेक्षा हव्याशा गोष्टीची असते. महागाईची अपेक्षा कोण ठेवतं, साठेबाज? 'अदमास' लिहा.

जुनी वही: अप + ईक्ष्, मुळात नुसतं वाट पाहणं. इच्छा मागाहून चिकटली. 'अपेक्षित तोटा' सगळे बिनदिक्कत लिहितात, तेव्हा तोटा कुणाला हवा असतो?

आकडेमोड: अदमास लोक देतच नाहीत, ते दिशा सांगतात. अदमास काढतो आपण. तीनच पर्याय धरा: १०० पैकी ६० 'वाढतील', ३० 'तेवढेच', १० 'उतरतील'. सोपी रीत म्हणजे ६० वजा १०, निव्वळ ५०. ग्राहक विश्वास निर्देशांकात (लोकांना परिस्थिती बरी वाटते की वाईट, याचा आकडा) अशा निव्वळ आकड्यात १०० मिळवतात. तिथे १०० च्या खाली म्हणजे निराशा. पण ५० म्हणजे किती टक्के महागाई, हे त्यातून कळत नाही.

त्यासाठी कार्लसन आणि पार्किन या अर्थशास्त्रज्ञांची १९७५ ची रीत. लोकांचे अंदाज प्रसामान्य वितरणात, म्हणजे मधे दाट आणि दोन्ही कडांना विरळ, पसरलेले धरायचे. शून्याच्या दोन्ही बाजूंना एक उंबरठा. त्याच्या आतला बदल जाणवत नाही, म्हणून उत्तर 'तेवढेच'. वरच्या आकड्यांना या वितरणाच्या तक्त्यातून −०.२५ आणि −१.२८ मिळतात, आणि सरासरी अंदाज येतो उंबरठ्याच्या साधारण दीडपट. उंबरठा अर्धा टक्का असेल तर पाऊण टक्का महागाई. आता हा उंबरठा कुठला? पूर्ण काळातल्या अंदाजांची सरासरी प्रत्यक्ष महागाईच्या सरासरीएवढी येईल असा तो बसवतात. म्हणजे लोक सरासरीत बरोबर असतात हे आधीच गृहीत धरलं. त्याच आकड्यांवरून मग लोक बरोबर होते का, हे तपासण्यात अर्थ नाही.

कोशवाचक: 'प्रसामान्य' बोजड आहे.

आकडेमोड: पाठ्यपुस्तकात तोच आहे. मूळ प्रश्नाबद्दल: पाच पर्यायांत उंबरठे दोन, एक शून्याभोवती, दुसरा चालू महागाईभोवती. मोजपट्टी असते ती लोकांना जाणवणारी चालू महागाई. दुसरा आणि चौथा पर्याय मिसळले की ती पट्टीच हलते आणि सरासरी उगाच शून्याकडे सरकते. शिवाय भारतात 'उतरतील' म्हणणारे थोडे. कुणीच म्हणालं नाही तर तक्ता अनंत देतो. मग कोणी तिथे अर्धा टक्का घालतं, कोणी पाहणीची ती फेरीच गाळतं.

ओसरी: दोन टप्पे करा. आधी 'वाढतील, आहेत तेच राहतील की उतरतील?' 'वाढतील' म्हणणाऱ्यालाच पुढे 'गेल्या वर्षी वाढले त्याहून जास्त, तितकेच की कमी?' आणि 'महागाई कमी होईल' हे कुठेही नको. ऐकणारा त्याचा अर्थ स्वस्ताई असाच घेतो, वाढीचा वेग मंदावणं नाही.

आकडेमोड: सल्ला चांगला, पण दोन टप्प्यांतली उत्तरं एका टप्प्याच्या जुन्या मालिकेशी जोडता येणार नाहीत. निदान एक फेरी दोन्ही पद्धतींनी घ्यावी लागेल.

जुनी वही: अदमासापेक्षा 'होरा' बरा. मूळ ग्रीक, पण आता आपलाच.

कोशवाचक: होरा ज्योतिषाचा. सरकारी कागदावर कुंडली मांडणार का?

जुनी वही: 'अटकळ' मग? तीही नको असेल तर अपेक्षाच राहू द्या.

तळटीप: शीर्षकाचं नंतर बघू. प्रश्न एकच छापायचाय, टप्पे होणार नाहीत. 'आत्ता वाढतायत तसेच वाढत राहतील' चालेल?

कोशवाचक: 'वाढतायत' छापू नका. 'वाढत आहेत'.