विंटेज, जुनी आणि 'त्या घाटणीची'

प्रश्न (अमळनेर): जुन्या मोटारसायकलींच्या शर्यतींचे पात्रता-नियम मराठीत आणतो आहे. 'विंटेज'साठी सरळ 'जुनी' लिहिलं तर भागेल का? आपल्याकडे फटफटी दिसली की लोक विचारतात तेही हेच, "कितली जुनी शे?" (किती जुनी आहे?)

उत्तर (जळगाव): भाऊ, 'जुनी' लिहू नका, सगळा घोळ तिथूनच होईल. 'विंटेज' मुळात द्राक्षांच्या तोडणीचा शब्द. दारू कोणत्या सालच्या द्राक्षांची, हे त्यातून कळायचं. म्हणजे त्यात वयापेक्षा साल महत्त्वाचं. ब्रिटनच्या व्हिंटेज मोटर सायकल क्लबाने ते सालच बांधून टाकलंय: 1915 च्या आधीची 'व्हेटरन', 1915 ते 1930 मधली 'विंटेज', लगेच पुढच्या काळातली 'पोस्ट-विंटेज'. या हिशेबाने 1960 ची गाडी शंभर वर्षांची झाली तरी विंटेज होणार नाही.

आपल्या सरकारचा अर्थ वेगळा. 2021 च्या नियमांत पहिल्या नोंदणीला 50 वर्षं उलटलेली आणि चासी, इंजिनात मोठे फेरबदल नसलेली खासगी गाडी विंटेज धरतात. तिच्या नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात. ही रेघ दरवर्षी पुढे सरकते. आरटीओतला विंटेज आणि शर्यतीतला विंटेज एकच समजून कुणी गाडी न्यायला नको, म्हणून हा फरक तुमच्या भाषांतरात पहिल्याच पानावर यायला हवा.

शर्यतीत तर आणखी एक पेच आहे. तिथे गाड्यांचे काळानुसार गट पाडतात. अमेरिकेत जुन्या मोटारसायकलींच्या शर्यती भरवणाऱ्या एएचआरएमए या संस्थेच्या नियमांत 'लाइक डिझाइन' अशी सवलत असते. गाडी नंतर बनली असली, पण रचना गटाच्या काळातलीच असली, तर ती चालते. याला मराठीत तयार शब्द आहे, 'त्या घाटणीची'. म्हैसूरची जावा घ्या. कारखाना 1961 चा, पण 250 सीसीच्या गाडीची घाटणी 1950 च्या दशकातली, चेकोस्लोव्हाकियातली. किक मारायची तीच दांडी पुढे ढकलली की गिअरची होते, ही त्या घाटणीची खूण. आरसी बुकात 1968 असलं तरी घाटणी तेवढीच जुनी राहते. त्याच कारखान्याची नंतरची येझदी रोडकिंग मात्र वेगळ्या घाटणीची, तिला या सवलतीत ओढू नका.

पुरवणी (धुळे): जळगावच्या दादांचं बरोबर आहे. 'ओरिजिनल' शब्दही जपून वापरा. आपल्या गॅरेजात ओरिजिनल म्हणजे कंपनीचा सुटा भाग, डुप्लिकेट नव्हे. नियमात विचारतात ते हे, की भाग त्या काळच्या रचनेचा आहे का. नवा ओतलेला ड्रम हब (चाकाचा मधला भाग, ज्यात ड्रम ब्रेक बसतो) घाटणीत बसेल. पण ड्रम ब्रेकच्या काळातल्या गटात पुढच्या चाकाला डिस्क ब्रेकची चकती लावली, तर ती कंपनीची असूनही बसणार नाही. मी तिथे 'काळाला धरून' लिहीन.

उत्तर (जळगाव): 'काळाला धरून' छान आहे. मग वाक्य असं करून पाहा: "गटाच्या ठरलेल्या सालापर्यंत बनलेली, किंवा नंतर बनलेली पण त्याच घाटणीची, आणि काळाला धरून असलेल्या भागांची मोटारसायकल या गटात पात्र." सालाचा आकडा मात्र प्रत्येक गटासमोर वेगळा छापा, एका वाक्यात सगळे गट कोंबू नका.